लांबलचक वेबपान, एकच चित्र : स्क्रीनशॉटचा इतिहास आणि पुराव्याचा प्रश्न

१/८
वेबपान वरपासून तळापर्यंत एकाच उभ्या चित्रात टिपणे आज एका कळीचे काम आहे. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांत अशी चित्रे सर्रास दिसतात. परंतु असे चित्र म्हणजे पानाची हुबेहूब नक्कल असते का?

२/८
१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ होती. नाव शब्दशः खरे होते. शिफ्टसह ती दाबताच पडद्यावरचा मजकूर प्रिंटरमधून कागदावर उमटे. पडदा २५ ओळींचा. टिपायचे तेही तेवढेच. पुढे विंडोजमध्ये हीच कळ पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर ठेवू लागली.

३/८
१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब जगासाठी खुले झाले आणि हे गणित बिघडले. वेबपानाला उंचीची मर्यादा नव्हती. पडदा ही त्यावर उघडणारी केवळ खिडकी ठरली. एक पान दाखवण्यासाठी पुस्तिकेत चार-पाच तुटक चित्रे द्यावी लागत आणि त्यांतला परस्परसंबंध वाचकाच्या हातून निसटे.

४/८
एक उपाय शिवणकामाचा होता. पान थोडे सरकवायचे, तुकडा टिपायचा, लागोपाठच्या तुकड्यांतील समान भाग जुळवून ते सांधायचे. मात्र माथ्याशी चिकटून राहणारी मेनूपट्टी प्रत्येक तुकड्यात पुन्हा उमटे आणि हलणारी चित्रे सांध्यावर तुटत.

५/८
दुसरा उपाय ब्राउझरच्या अंतरंगातून आला. अरिया हिदायत यांचे फँटमजेएस (२०११) खिडकी न उघडताच संपूर्ण पानाची मांडणी करून त्याचे चित्र काढी. सॉफ्टवेअर बदलले की पुस्तिकेतील सारी चित्रे एका स्क्रिप्टने नव्याने काढणे त्यामुळे शक्य झाले. २०१७ मध्ये क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ही सोय आली; फायरफॉक्समध्येही ती मिळू लागली. २०१९ मध्ये आयओएस १३ च्या सफारीत, पीडीएफच्या रूपाने.

६/८
तरीही मर्यादा उरल्याच. जेपेग चित्राची कोणतीही बाजू ६५,५३५ पिक्सेलांपलीकडे जात नाही, वेबपीची १६,३८३. शिवाय अनेक पानांवरील चित्रे वाचक खाली सरकल्यावरच उतरतात. घाईने टिपल्यास त्यांच्या जागी कोऱ्या चौकटी राहतात.

७/८
म्हणजेच, जे अखंड पान चित्रात दिसते ते त्या रूपात कोणत्याही वाचकाने पडद्यावर पाहिलेले नसते. ते यंत्राने रचलेले साधन आहे. त्यात मजकूर शोधता येत नाही, दुवे चालत नाहीत, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मुका होतो. याउलट, २००१ मध्ये खुले झालेले वेबॅक मशीन पानाचा मूळ कोड जपते. पण कोडचा एखादा भाग जतन झाला नसेल, तर पानाचे रूप मोडते. चित्र रूप राखते, कोड आशय राखतो.

८/८
जुन्या कागदाची नक्कल छापताना संपादक मूळ कागद कोठला, कोणत्या अवस्थेतला, हे नोंदवतो. हीच शिस्त येथेही हवी : चित्रासोबत पानाचा पत्ता, तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, खिडकीची रुंदी आणि शक्य तर मजकुराची वेगळी प्रत. या नोंदी नसतील, तर वीस वर्षांनी ते चित्र कशाचा पुरावा आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.