तळटीप : ‘खारफुटी’ या संज्ञेविषयी

‘खारफुटी’ या संज्ञेतून वनस्पतींचे कूळ कळत नाही, तर खाऱ्या चिखलात तगून राहण्याची त्यांची रीत कळते. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ युजेनियस वॉर्मिंग यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात पाण्याशी असलेल्या संबंधावरून जलवनस्पती, मरुवनस्पती, लवणवनस्पती (खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या) आणि बेताच्या ओलाव्यातील मध्यवनस्पती असे गट मांडले. खारफुटी त्यांपैकी तिसऱ्या गटात मोडते. कोकणातील खाडीकाठी शेजारी वाढणारे तिवर आणि कांदळ भिन्न कुळांतले असले, तरी प्राणवायू नसलेला चिखल आणि भरतीचे खारे पाणी या एकाच अडचणीवर दोघांनी आपापली वाट काढली आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी राहतात आणि पानांतून बाहेर टाकलेल्या मिठाचे पांढरे कण पानांवर उन्हात स्पष्ट दिसतात. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो, खोडापासून कमानदार आधारमुळे सोडतो आणि त्याचे बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते. अशा झाडांना निव्वळ दलदलीतले झुडूप म्हणणे अन्यायाचे आहे. प्रस्तुत ग्रंथात ‘खारफुटी’ हा शब्द वाचकांनी सर्वत्र याच परिस्थितिवाचक अर्थाने घ्यावा. — संपादक