सातबाऱ्याचा शोध आणि अनुक्रमणिकेचे गणित

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावच्या शेतकऱ्याला आपला सातबारा 'महाभूलेख' या शासकीय संकेतस्थळावर पाहायचा असेल, तर जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक असा क्रम पाळावा लागतो. प्रत्येक पायरीवर शोधाचे क्षेत्र आकसत जाते. मोठ्या माहितीसाठ्यातून एक नोंद चटकन काढण्याचे मूलतत्त्व हेच आहे.

माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची 'रिलेशनल डेटाबेस' ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. अशा तक्त्यात दहा लाख नोंदी असतील आणि अनुक्रमणिका, म्हणजेच इंडेक्स नसेल, तर एका नोंदीसाठी सारा तक्ता चाळावा लागू शकतो. बोइंग कंपनीतील रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनी त्याच सुमारास 'बी-ट्री' ही रचना शोधली. तिच्या प्रत्येक टप्प्यावर शंभर वाटा फुटतात असे मानल्यास दहा लाखांतील नोंद तीन टप्प्यांत, तर दहा कोटींतील चार टप्प्यांत सापडते.

अनुक्रमणिकेतील रकान्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ती आधी गाव व मग गट क्रमांक अशी रचलेली असेल, तर गावाविना केवळ गट क्रमांक देऊन तिचा फारसा उपयोग होत नाही. आडनावाच्या सुरुवातीची अक्षरे दिल्यास ती कामी येते. मात्र 'नावात कुठेही ही अक्षरे' असा प्रश्न विचारल्यास साधी अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते.

दुसरा उपाय म्हणजे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नानुरूप माहितीची वेगळी मांडणी करणे. महसूल दप्तराला ही युक्ती संगणकापूर्वीच ठाऊक होती. गाव नमुना सात हा जमिनीवार, तर आठ-अ खातेदारवार असतो. एका खातेदाराची गावातील सारी जमीन पाहण्यासाठी प्रत्येक सातबारा उलटावा लागत नाही.

तथापि या वेगाची किंमत लेखनाच्या वेळी मोजावी लागते. एक फेरफार मंजूर झाला, की मूळ तक्त्याबरोबर प्रत्येक संबंधित अनुक्रमणिका व सारांश तक्ताही बदलावा लागतो. म्हणून अनुक्रमणिका सरसकट न करता, डेटाबेस कोणत्या मार्गाने उत्तर शोधतो हे दाखवणारा 'क्वेरी प्लॅन' तपासून मगच निर्णय घ्यावा.

वाचकांची गर्दी वाढल्यास मूळ डेटाबेसच्या प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर ठेवून वाचनाचा भार वाटता येतो. परंतु प्रत अद्ययावत होण्यास विलंब लागला, तर विकलेली जमीन काही काळ जुन्याच मालकाच्या नावे दिसू शकते. बातम्यांच्या संकेतस्थळावर असा विलंब खपून जाईल. जमिनीच्या व्यवहारात मात्र त्यातून फसवणूक संभवते. त्यामुळे केवळ पाहण्यासाठीचा उतारा प्रतीवरून द्यावा. कायदेशीर व्यवहारासाठीचा उतारा मूळ नोंदीशी ताडूनच दिला जावा. जलद उत्तराइतकेच ते खरे असणे आवश्यक आहे.