घराचा नकाशा आणि घरातली माणसे



स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला देण्यात आले. बडोद्याचा इतिहास म्हटला की राजवाडे, दरबार आणि दिवाण यांची आठवण होते. मी मात्र आज साध्या घराच्या नकाशाविषयी बोलणार आहे. त्याला निमित्त घरगुतीच आहे.

आमच्या कुटुंबात यंदा नवे घर बांधावयाचे ठरले. पुतण्याने नकाशा आणून टेबलावर पसरला. प्रत्येकाने आपापली खोली शोधली, कपाटे मोजली, मोटार कोठे उभी राहील ते पाहिले. ऐंशी वर्षांच्या काकूंनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "दुपारी मी बसायचं कुठं?" नकाशात निजण्याच्या चार खोल्या होत्या, जेवणाची जागा होती, पाहुण्यांचा हॉल होता. घरातल्या माणसाने दुपारी निवांत बसावे, तांदूळ निवडावेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलावे, अशी जागा मात्र त्यात नव्हती. ती नाहीशी कशी झाली, याचा शोध घेताना मला नकाशाचा इतिहास दिसू लागला.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी कुटुंबे बडोद्यास आली, तेव्हा त्यांनी देशावरचा वाडा बरोबर आणला. येथे गुजराती पोळींतील अरुंद आणि खोल घरे आधीपासून होतीच. दोहोंची मांडणी निराळी, तरी दोहोंच्या पोटात चौक होता. रावपुऱ्यातील तांबेकरवाडा आजही पाहता येतो. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचे ते निवासस्थान. तेथील भित्तिचित्रे पाहण्यास लोक येतात. पण चित्रे पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांनी क्षणभर लाकडी खांबांकडेही पाहावे.

वाड्याचे माप खणांत सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. तुळईचे लाकूड जेवढी लांबी पेलू शकेल, तेवढाच खण. म्हणून खोल्या अरुंद आणि लांबट होत. मोठी जागा हवी असेल तर खण वाढवीत. त्यावर शास्त्राचे गणित असे. लांबी-रुंदीचा गुणाकार करून त्यास आठाने भागावे. जी बाकी उरेल ती त्या वास्तूची 'आय'. ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज आणि ध्वांक्ष अशा आठ आया. त्यांपैकी विषम क्रमांकाच्या शुभ मानीत. पंधरा हात लांब आणि नऊ हात रुंद जागा घेतली तर गुणाकार 135, बाकी सात, म्हणजे गज आय. दोन्ही बाजू विषम धरल्या की बाकी नेहमीच विषम येते. शास्त्र गहन वाटले तरी कारागिराला ते असे सहज हाताळता येई. माळव्याच्या भोजराजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकातील ग्रंथ 1924 आणि 1925 साली दोन भागांत प्रसिद्ध झाला तो आपल्याच बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. एकशाल, द्विशालापासून चतुःशालापर्यंत घरांचे प्रकार त्यात सांगितले आहेत.

परंतु आय कितीही शुभ असली तरी घरात कोणी कोठे बसावे, हे ती सांगत नसे. ते रूढी ठरवी. देवडीतून आत आले की पहिला चौक, त्याभोवती ओसरी आणि सदर. हे पुरुषांचे आणि व्यवहाराचे जग. त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठीची खोली. मागल्या चौकात विहीर आणि तुळशीवृंदावन. माजघर हा घराचा मध्य. निवडणे-टिपणे, मुलांची निजानीज, सुखदुःखाच्या गोष्टी सारे तेथेच चाले. काकूंची दुपारची जागा ती हीच.

आठवणीने मन हळवे होते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर थांबू नये. त्याच माजघरात बहुधा पुरेसा उजेड नसे. बाळंतिणीची खोली तर सर्वांत अंधारी. चार दिवस बाजूला बसणाऱ्या स्त्रीचा कोपरा ठरलेला होता, विधवेचाही ठरलेला होता. परसाच्या टोकाला शौचकूप असे आणि मैला उचलणाऱ्या माणसाने घरातून येऊ नये म्हणून मागून बोळ ठेवलेला असे. तो बोळ कोणी हौसेने आखला नव्हता. जातिव्यवस्था तेथे जमिनीवर रेघेने आखली गेली होती. ज्या चौकाच्या गारव्याचे आपण गोडवे गातो, त्या चौकात पाऊल टाकण्याचा अधिकार सर्वांना नव्हता.

हा नकाशा प्रथम बदलला तो पाण्याने. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1892 साली, आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. विहिरीभोवती बांधलेले घर विहिरीपासून सुटू लागले. पुढे पाण्याचा संडास आल्यावर मागल्या बोळाचे कारणही उरले नाही. कायद्याने मैला वाहण्याच्या कामास बंदी यावयास मात्र 1993 साल उजाडावे लागले, आणि 2013 साली पुन्हा अधिक कडक कायदा करावा लागला.

दुसरा बदल रोगराईने घडविला. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, हा त्या काळचा लोकप्रिय उपाय. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाचे मत निराळे होते. 1916 साली त्यांनी बडोद्याविषयी आणि 1918 साली इंदूरविषयी अहवाल सादर केले. सारी वस्ती न पाडता एखादे मोडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी आणि उरलेले जपावे, असे ते सांगत. इंदुरास त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीतून घरे स्वच्छ करण्याचा संदेश दिला. चौक, झाड आणि तुळस यांना त्यांच्या विचारात मानाचे स्थान होते.

तथापि काळ 'ब्लॉक'चा होता. एका दाराआड स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास असलेली ही बिऱ्हाडे दादर-माटुंग्याकडे उभी राहिली आणि तो नमुना पुढे सर्वत्र गेला. नोकरदार विभक्त कुटुंबाला त्याने स्वातंत्र्य दिले. सुनेला स्वतःची खोली मिळाली, सोवळ्या-ओवळ्याच्या भिंती पडल्या, बाळंतिणीला खिडकी मिळाली. हा लाभ लहान नव्हे. पण चौक गेला, ओसरी गेली आणि माजघराचे नावही गेले. घराचे मोल शयनगृहांच्या संख्येवर ठरू लागले. दिवसाचे सोळा तास जागे असणारे कुटुंब निजण्याच्या खोल्या मोजू लागले!

म्हणून जुना वाडा पुन्हा उभारा, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, प्रत्येक नकाशा हा कुटुंबातील माणसांच्या नात्याचा दस्तऐवज असतो. पूर्वी काहींना त्यात अंधारा कोपरा मिळे, काहींना मागचा बोळ. आज कोणाला जागाच मिळत नाही, हे पाहणे आपले काम. खोल्यांची यादी करण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून काढावा. घरात जो सर्वांत जास्त वेळ असतो, त्याला विचारून पहिली रेघ ओढावी. घरकामास येणाऱ्या बाईला बसावयास जागा आणि प्यावयास त्याच भांड्यातले पाणी आहे ना, तेही पाहावे.

आमच्या नकाशात आम्ही पूर्वेकडचे एक शयनगृह कमी केले. स्वयंपाकघर आणि पुढचे दार यांमध्ये, अंगणाकडे उघडणारी एक खणभर रुंद ओसरी तेथे काढली. पुतण्याची थोडी नाराजी झाली. पाहुणे आले तर निजणार कोठे, हा त्याचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. काकूंनी नकाशावर बोट ठेवून विचारले, "इथं ऊन किती वाजेपर्यंत येतं?" तेव्हा वास्तुविशारदाने प्रथमच दिशा नीट मोजली.

 विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घराचा नकाशा वहीच्या पानावर काढा आणि आजी दुपारी कोठे बसते, तेथे एक खूण करा.