न विचारलेल्या अडीच लाख बायका

१३ ऑगस्ट १९०५ रोजी, एका रविवारी, नॉर्वे देशात सार्वमत झालं. स्वीडनशी नव्वद वर्षं चाललेला संसार मोडला, तो तुम्हाला मान्य आहे की नाही, एवढंच विचारायचं होतं. ३,६८,२०८ जणांनी ‘हो’ म्हटलं. ‘नाही’ म्हणणारे किती? १८४. हजार नाहीत, शंभरावर चौऱ्याऐंशी. आमच्याकडे एखाद्या मोठ्या लग्नात रुसून बसणारे पाहुणे याहून जास्त निघतील.

इतिहासाच्या पुस्तकांत हा आकडा कौतुकानं दिलेला असतो. अख्खा देश एका सुरात बोलला, असं लिहिलेलं असतं. पण अख्खा देश म्हणजे कोण? मत देण्याचा हक्क होता पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना. त्या घराघरांतल्या आया, बायका, बहिणी, कामावर जाणाऱ्या पोरी, यांतल्या एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मग काय केलं, ते मला सांगायचंय. पण त्याआधी हा काडीमोड झाला कसा, ते थोडक्यात बघू.

नॉर्वे आणि स्वीडन यांचं लग्न मुळात मनानं झालेलं नव्हतं. चारेकशे वर्षं नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे होता. नेपोलियनच्या लढायांत डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला राहिला आणि जानेवारी १८१४ मध्ये कीलच्या तहानं नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकण्यात आला. नॉर्वेच्या माणसांना विचारलं नाही. ती माणसंही गप्प बसली नाहीत. आइड्सव्होल या गावी जमून १७ मे १८१४ ला त्यांनी स्वतःची राज्यघटना केली. उन्हाळ्यात छोटंसं युद्ध झालं, आणि शेवटी तडजोड ठरली. राजा एकच, तो स्वीडनचा. पण घटना नॉर्वेची, कायदे नॉर्वेचे आणि स्टॉर्टिंग नावाची संसदही नॉर्वेची. परराष्ट्र कारभार मात्र स्टॉकहोमच्या हातात.

तसं पाहिलं तर हे फार जाचक नव्हतं. मग बिनसलं कशावरून? वकिलातींवरून. नॉर्वे देश लहान, वस्ती जेमतेम तेवीस लाख, पण त्यांची व्यापारी जहाजं जगभर फिरायची. त्यांचा ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांत गणला जायचा. परक्या बंदरात नॉर्वेचा खलाशी आजारी पडला, मालावरून भांडण झालं, तर त्यानं जायचं स्वीडनच्या परराष्ट्र खात्याखालच्या वाणिज्य दूताकडे. नॉर्वेचं म्हणणं होतं, आम्हाला आमचे दूत हवेत. वर्षानुवर्षं हा वाद चालला. १९०५ च्या मे महिन्यात स्टॉर्टिंगनं स्वतंत्र दूतांचा कायदा मंजूर केला. राजा ऑस्कर दुसरा यानं त्यावर सही करायला नकार दिला. तेव्हा क्रिस्तियान मिकेल्सेन यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामे दिले. राजा म्हणाला, सध्या मला दुसरं मंत्रिमंडळ बनवता येत नाही, म्हणून मी हे राजीनामे घेत नाही.

राजाचं हेच वाक्य नॉर्वेच्या लोकांनी पकडलं. ७ जून १९०५ ला स्टॉर्टिंगनं एकमतानं ठराव केला. राजानंच सांगितलंय की त्याला सरकार बनवता येत नाही, म्हणजे नॉर्वेचा राजा म्हणून त्याचं काम थांबलंय, आणि राजा नाही तर एका राजाखालची जोडी तरी कुठली राहिली? ठरावाचा मुख्य मजकूर होता मंत्रिमंडळानं कारभार पुढे चालवावा असा. नव्वद वर्षांची गाठ सुटली ती त्यातल्या एका उपवाक्यात. ना ‘स्वातंत्र्य’ अशी गर्जना, ना शिव्याशाप. घरातली एखादी शहाणी बाई बोलता बोलता म्हणून जाते ना, ‘आता आम्ही वेगळी चूल मांडलीच आहे, तर तेवढं तांदळाचं बघा’, त्यातलाच प्रकार.

स्वीडनला हे अर्थातच झोंबलं. स्टॉकहोममध्ये मागणी पुढे आली की, एका ठरावानं हे चालायचं नाही, तुमच्या लोकांना विचारा, नाहीतर नवी निवडणूक घ्या. ही मागणी रीतसर हातात पडायच्या आतच नॉर्वेनं सार्वमताची तारीख लावून टाकली. शिवाय प्रश्न कसा घातला बघा. ‘वेगळं व्हावं का?’ असं विचारलंच नाही. ‘झालेली फारकत मान्य आहे की नाही?’ असं विचारलं. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारावी, तशातली गत. आधीच झालेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणायला माणसाला जास्त धीर लागतो. त्या १८४ जणांना म्हणूनच मी वेड्यात काढत नाही. सगळं गाव एका दिशेनं चाललेलं असताना ते आपल्या मनाला जे वाटलं ते चिठ्ठीवर लिहून आले.

सुमारे ८५ टक्के पुरुषांनी मतदान केलं. आता बायकांकडे येऊ.

नॉर्वेतल्या बायका तोवर झोपलेल्या नव्हत्या. गिना क्रोग आणि तिच्या सोबतिणी १८८५ पासून मताचा हक्क मागत होत्या. १९०१ मध्ये, ठरावीक उत्पन्नावर कर भरणाऱ्या बायकांना, किंवा ज्यांचे नवरे तेवढा कर भरतात अशांना, नगरपालिकेपुरतं मत मिळालं होतं. म्हणजे गावच्या गटारांबद्दल मत द्यायला त्या लायक होत्या, देशाबद्दल नव्हत्या. सार्वमत जाहीर झालं तेव्हा त्यांनी मागणी केली की, निदान या एका प्रश्नावर तरी आम्हालाही विचारा. उत्तर नकाराचं आलं.

यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे निषेध करून घरी बसणं. दुसरी, राष्ट्राच्या कामात बाईनं आपलं रडगाणं आणू नये असं म्हणून गप्प राहणं. त्यांनी तिसरी वाट काढली. बायकांच्या मताधिकार संघाच्या अध्यक्ष होत्या फ्रेड्रिके मारी क्वाम. नवरा मंत्री राहिलेला, पण ही बाई स्वतःच्या बळावर उभी होती. १८९६ मध्ये, स्वीडनशी युद्ध होणार अशी हवा असताना, जखमींच्या शुश्रूषेची तयारी म्हणून तिनं बायकांची एक आरोग्य संस्था काढली होती. तिच्या शाखा गावोगाव पसरल्या होत्या. मलमपट्ट्या गोळा करायला उभं केलेलं ते जाळं आता सह्या गोळा करायला कामी आलं. विचारत नाही म्हणता? मग आम्ही न विचारता सांगतो!

काम किती अवघड होतं ते डोळ्यांसमोर आणा. नॉर्वे म्हणजे डोंगर आणि समुद्राच्या खाड्या. एका वस्तीवरून दुसरीवर जायचं तर होडी काढायची. ऑगस्ट महिना म्हणजे शेतीचं, गवत कापणीचं ऐन काम. पुरुषांच्या मतदानाला सरकारी यंत्रणा होती, याद्या होत्या, पेट्या होत्या. बायकांकडे कागद, शाई आणि पाय. तरीही दोन-तीन आठवड्यांत सह्या झाल्या २,४४,७६५. ऑगस्टमध्येच त्यांनी हे कागद स्टॉर्टिंगच्या हवाली केले. पुरुषांच्या साडेतीन लाखांवरच्या मतांशेजारी हा आकडा ठेवून बघा, आणि मग ठरवा कुठला जास्त घामाचा.

तुम्ही म्हणाल, त्या सह्यांनी निकाल थोडाच बदलणार होता? निकाल ‘हो’ असाच होता. खरं आहे. त्या मोजणीत त्या सह्या धरल्याच नाहीत. स्वीडनशी पुढची बोलणी कार्लस्टाड इथे झाली, दोन्हीकडे फौजा सीमेवर आल्या होत्या, पण गोळी सुटली नाही. स्वीडनच्या कामगारांनीही शेजाऱ्याशी लढायला विरोध केला होता. सीमेवरचे काही किल्ले नॉर्वेनं मोडून टाकायचे, या अटीवर तडजोड झाली. ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्करनं नॉर्वेच्या गादीवरचा हक्क सोडला. डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला गादी देऊ केली, तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. पुन्हा नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं. २,५९,५६३ मतं राजाच्या बाजूनं, ६९,२६४ विरुद्ध. बायकांना याही वेळी विचारलं नाही.

पण सह्यांचे ते कागद वाया गेले नाहीत. ‘बायकांना राजकारणातलं काय कळतं, त्यांना रसच नाही’ हे नेहमीचं पालुपद त्यानंतर म्हणणं जड जायला लागलं. १९०७ मध्ये ठरावीक उत्पन्नाच्या बायकांना संसदेसाठी मत मिळालं आणि १९१३ मध्ये सगळ्यांना. ज्या स्वीडनपासून वेगळं व्हायचं होतं तिथल्या बायकांना त्यानंतर आणखी सात-आठ वर्षं थांबावं लागलं.

हे मी सांगते आहे ते नॉर्वेच्या कौतुकासाठी नाही. सार्वमत म्हटलं की आपण निकाल बघतो. माझं म्हणणं, निकालाच्या आधीच दोन गोष्टी ठरलेल्या असतात. विचारायचं काय आणि विचारायचं कुणाला. ज्याच्या हातात या दोन गोष्टी, त्याच्या हातात अर्धा निकाल.

२०१४ मध्ये स्कॉटलंडनं ब्रिटनमधून बाहेर पडायचं का, यावर कौल घेतला. तिथल्या सरकारनं प्रश्नाची सुरुवात ‘तुम्ही सहमत आहात का’ अशी केली होती. निवडणूक आयोगानं तो लोकांवर तपासून बघितला आणि सांगितलं, ही सुरुवात माणसाला ‘हो’कडे ढकलते, काढून टाका. नॉर्वेत जे चाललं ते शंभर वर्षांनी चालू दिलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही तिथे मत दिलं होतं. उलट लंडनला नोकरीला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हतं, आणि स्कॉटलंडात राहायला आलेल्या इंग्रजाला होतं. सुमारे ५५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले.

आणि ज्यांना विचारलंच नाही त्यांचं काय? नॉर्वेचं सार्वमत झालं त्याच महिन्यात, ७ ऑगस्ट १९०५ ला, कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध सभा भरून बहिष्काराचा ठराव झाला. तेवीस लाखांच्या नॉर्वेत पुरुषांना तरी विचारलं गेलं. सात कोटींवरच्या बंगालचे दोन तुकडे करताना लॉर्ड कर्झननं कुणालाच विचारलं नाही. १६ ऑक्टोबरला फाळणी अमलात आली. लोकांनीही परदेशी कापडाची होळी करून न विचारता उत्तर दिलं, आणि १९११ मध्ये ती फाळणी मागे घ्यावी लागली.

आपल्या भागातलं उदाहरण गोव्याचं. देशातून बाहेर पडण्याचा प्रश्न तिथे नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच होता. १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. इथे बायकांनीही मत दिलं. पण चिठ्ठीवर दोनच घरं होती. स्वतंत्र राज्य हवं असं ज्याला वाटत होतं त्यानं शिक्का मारायचा कुठे? जे चिठ्ठीवर नव्हतं ते वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, झालं.

आणि आमचा बेळगावचा सीमाभाग? १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. आयोग बसला, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. गोव्यासारखी चिठ्ठी काही आमच्या हातात आली नाही. आली असती तर काय झालं असतं, यावर इथल्या चहाच्या टपरीवर आजही वाद रंगतो. मला मात्र वेगळीच काळजी वाटते. निपाणी-चिकोडीकडच्या आमच्या कितीतरी जैन घरांत म्हातारी माणसं कानडीत रागावतात आणि मराठीत लाड करतात. लेकी इकडच्या तिकडे आणि सुना तिकडच्या इकडे. अशा घरातल्या बाईपुढे ‘हे की ते’ असे दोनच चौकोन ठेवले, तर तिनं बोट कुठे ठेवायचं? म्हणून विचारायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. विचारा, पण तिला मुद्दाम विचारा, आणि प्रश्न असा घाला की तिचं घर त्यात मावेल.

नॉर्वेच्या बायकांकडून घ्यायचं ते हेच. विचारतील तेव्हा सांगू, म्हणून त्या बसल्या नाहीत. हातात कागद घेऊन होडीत बसल्या, वस्तीवस्तीला गेल्या, आणि आपलं उत्तर सहीनिशी देऊन आल्या. त्या वेळी ते कुणी मोजलं नाही. आठ वर्षांनी मोजावं लागलं.