मनोरुग्णांवरील सक्तीचे उपचार : नांदेड-लातूर परिसर

मानसिक व्याधीमुळे स्वतःचे हिताहित ठरविण्याची क्षमता तात्पुरती वा दीर्घकाळ गमावलेल्या व्यक्तीस तिच्या संमतीवाचून रुग्णालयात ठेवणे व तिच्यावर उपचार करणे, यास सक्तीचे उपचार म्हणतात. शारीरिक रोगात सज्ञान रुग्णाचा नकार सामान्यतः अखेरचा मानला जातो. मनोविकारात मात्र नकार हेच पुष्कळदा रोगाचे लक्षण असते. असा नकार कोणी, कोणत्या अधिकाराने व किती काळ बाजूला सारावा, हा या विषयाचा गाभा होय. राजा हा अज्ञान व भ्रमिष्ट प्रजाजनांचा पालक आहे, या इंग्रजी विधितत्त्वावर भारतातील या विषयाचे जुने कायदे उभे राहिले. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत मात्र हा प्रश्न कायद्याच्या कलमांपेक्षा रुग्णालयाच्या अंतराने अधिक ठरविलेला दिसतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ मध्ये या विषयावर तीन अधिनियम झाले. त्यांची जागा १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमाने घेतली. त्यानुसार नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, अर्जास दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे जोडावी आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच रुग्णास दाखल करावे, असा क्रम होता. बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णास ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना होता. कायद्याचा रोख उपचारांपेक्षा समाजाच्या सुरक्षिततेकडे होता, अशी टीका त्यावर पुढे सातत्याने झाली व ती योग्यच आहे. तथापि वैद्य व नातेवाईक या दोघांच्याही मतावर न्यायालयाची नजर असावी, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते.

नांदेड जिल्हा आणि लातूर ज्यात मोडत असे तो उस्मानाबाद जिल्हा हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला). संस्थानाचे मनोरुग्णालय जालना येथे, म्हणजे मराठवाड्यातच होते. नांदेड व जालना ही दोन्ही स्थानके मनमाड-सिकंदराबाद या एकाच लोहमार्गावर असल्याने नांदेडच्या रुग्णास तेथे नेणे त्यामानाने सोपे होते. १९५३ मध्ये हे रुग्णालय हैदराबाद शहरात एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. पुढे तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. अशा रीतीने मराठवाड्याचे मनोरुग्णालय राज्याच्या सीमेपलीकडे राहिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याच्या वाट्यास ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर ही चार मनोरुग्णालये आली. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते.

नांदेडहून पुणे सुमारे ४५० किमी. व लातूरहून सुमारे ३३० किमी. दूर आहे. लातूरच्या कुटुंबास रेल्वेने जावयाचे तर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी गाडीने कुर्डुवाडी गाठून तेथे गाडी बदलावी लागे. प्रक्षुब्ध अवस्थेतील माणसास, बहुधा हात बांधून, असा प्रवास घडविणे हीच पहिली सक्ती असे व तिच्यासाठी कोणाचाही आदेश लागत नसे. १९१२ च्या अधिनियमात आणखी एक अट होती : अर्जदाराने दर सहा महिन्यांतून निदान एकदा रुग्णास स्वतः भेटण्याची अथवा दुसऱ्यामार्फत भेट घडविण्याची हमी द्यावी. रुग्णाचा विसर पडू नये म्हणून घातलेली ही अट कोरडवाहू शेतकऱ्यास वा शेतमजुरास पाळणे जड होते. बोलीभाषेत ‘येरवड्यास पाठविणे’ या शब्दांना थट्टेचा अर्थ आला. त्यामागे परत न येण्याची भीतीही होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. बरे झालेले, परंतु घरी कोणी न नेलेले रुग्ण राज्यातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिल्याची बाब अलीकडे २०२२-२३ मध्येही मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती.

साहजिकच बहुसंख्य रुग्ण घरीच राहिले. शांत रुग्णास शेतीच्या कामात सामावून घेतले जाई. हिंसक झालेल्यास खोलीत कोंडणे किंवा खांबास बांधणे हा उपाय होता. अनेक कुटुंबे माहूर व गाणगापूर येथील दत्तस्थानांकडे अथवा बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे वळत. या प्रथेकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे अपुरे ठरेल. देवस्थानी नातेवाईक रुग्णाजवळ राहू शकत व रुग्णावर वेडाचा शिक्का बसत नसे. मनोरुग्णालयात या दोन्ही गोष्टी दुर्मिळ होत्या. परंतु रुग्णाची संमती येथेही विचारली जात नसे, आणि मारहाण वा साखळदंड यांविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासास आग लागली आणि साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधून ठेवणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरविला.

१९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला. ‘वेडा’ हा शब्द कायद्यातून गेला, स्वेच्छेने दाखल होणे सुलभ झाले. मात्र संमतीवाचून दाखल करण्यासाठी दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे किंवा दंडाधिकाऱ्याचा आदेश ही चौकट राहिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांस तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय शीला बारसे यांच्या याचिकेवर दिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात भूकंप होऊन, शासकीय आकड्यांनुसार, सुमारे ८,००० लोक मरण पावले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तेथे आपत्तीच्या मानसिक परिणामांचा अभ्यास झाला. ज्याचे सारे कुटुंब ढिगाऱ्याखाली गेले, तो अन्न नाकारतो, झोपत नाही, मृतांशी बोलतो. हा शोक की आजार, आणि त्याच्या नकाराचा मान कोठवर राखावयाचा, हा पेच किल्लारीसारख्या आपत्तीत अटळ असतो. नव्या कायद्यात त्याचे अंशतः उत्तर नव्हते.

पालकाची संमती ही नेहमी रुग्णाच्या हिताची असतेच असे नाही, हे १९९४ मधील शिरूर (जि. पुणे) प्रकरणाने उघड केले. तेथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये मासिक पाळीच्या काळातील स्वच्छतेचे कारण देऊन पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मुलींचे पालकत्व शासनाकडे होते व संमतीही त्याच बाजूने आली. महिला संघटनांच्या विरोधानंतर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. पालक व संस्थाचालक एकच असल्यास पालकत्वाचे तत्त्व पोकळ होते. शिरूरच्या प्रकरणाचे महत्त्व यात आहे.

मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या विषयास आणखी एक पैलू लाभला. विष घेतलेल्या माणसास रुग्णालयात आणणे ही सक्तीची शुश्रूषाच असते. पण भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमामुळे वाचलेला रुग्ण आरोपीही ठरे. मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच मत दिले, परंतु १९९६ मध्ये ते फिरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मूळ कलम वगळण्यात आले.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला, त्याचे २०१७ चा अधिनियम हे फलित होय. तो २९ मे २०१८ पासून अंमलात आला. आजारी असतानाच्या उपचारांविषयी आधीच लेखी इच्छा नोंदविणे व आपला प्रतिनिधी स्वतः नेमणे, हे दोन हक्क त्याने दिले. प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णास प्रथम ३० दिवस दाखल करता येते. त्यासाठी दोन तज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे आणि सात दिवसांत, स्त्री किंवा अज्ञान रुग्ण असल्यास तीन दिवसांत, पुनर्विलोकन मंडळास कळविणे आवश्यक आहे. भूल न देता विद्युत् आघात देण्यास व रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत वैद्य ७२ तास उपचार करू शकतो. शासनाने आपत्ती जाहीर केल्यास ही मुदत सात दिवस होते. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांसाठी ती एरवीही १२० तास आहे. दूरत्वाची ही जाणीव किनवट किंवा देगलूर तालुक्यास लागू केलेली नाही.

अंबेजोगाई (१९७४), नांदेड (१९८८) व लातूर (२००२) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाल्यामुळे पुण्याचा प्रवास बऱ्याच रुग्णांपुरता टळला. मात्र २०१७ च्या अधिनियमाने मानसिक आरोग्य संस्थेची व्याख्या करताना, रुग्ण आपल्या नातेवाइकांसह राहतो ते घर वगळले आहे. घरी कोंडलेल्या रुग्णासाठी पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यास कळवावे अशी तरतूद आहे. ती अंमलात येण्यासाठी आधी शेजाऱ्याने तक्रार करावी लागते.