बॅटरी उतरलेली गाडी आणि धक्क्याचे गणित

सकाळी कार्यालयाला निघण्याच्या घाईत चावी फिरवावी आणि इंजिनाच्या घरघरीऐवजी नुसती ‘टक्-टक्’ ऐकू यावी, हा अनुभव वाहनधारकांना नवा नाही. २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या आवारात आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या कित्येक मोटारींच्या बॅटऱ्या अशाच उतरल्या होत्या. अशा वेळी चार शेजारी जमतात, सुरक्षा रक्षक पुढे येतो आणि ‘धक्का मारू या’ असा सर्वसंमत निर्णय होतो. बंद पडलेल्या एसटीला हात लावणाऱ्या प्रवाशांच्या महाराष्ट्रात हे स्वाभाविकच आहे. मात्र धक्क्याने नेमके काय होते आणि कोणत्या गाडीला तो लागू पडतो, हे ठाऊक नसेल तर चौघांचे श्रम वाया जातात. उतारावर तर प्रकरण जिवावरही बेतू शकते.

इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला प्रथम बाहेरून फिरवावे लागते. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला, त्यापूर्वी हे काम पुढे उभे राहून हॅन्डलने करावे लागे. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बेसेडरमध्येही हॅन्डलची सोय होती. आज हे काम स्टार्टर मोटार, म्हणजे बोलीभाषेतील ‘सेल्फ’, करते. हेडलाइटच्या एका साध्या बल्बला सुमारे ५ अँपिअर वीज पुरते. सेल्फला मात्र क्षणभर का होईना, शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणूनच दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी सुरू होत नाही, असे दृश्य दिसते.

धक्का मारताना सेल्फचे काम चाके करतात. चाकांची गती गिअरबॉक्स आणि क्लचमार्फत उलट दिशेने इंजिनापर्यंत पोहोचते. छोट्या मोटारीत ताशी ८ किलोमीटर वेगाने, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन मिनिटाला साधारण सहाशे फेरे घेऊ लागते. सेल्फ त्याला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे देतो, हे लक्षात घेता हा वेग पुरेसा आहे. पहिल्या गिअरमध्ये फेरे हजारावर जातात, पण त्यासाठी लागणारा जोरही तितकाच वाढतो. गाडी हिसका देऊन जागीच अडते, ओल्या रस्त्यावर चाके घसरतात. जाणते मेकॅनिक दुसऱ्या गिअरचा आग्रह धरतात तो यामुळेच.

कृती फारशी अवघड नाही. चावी ‘ऑन’ असावी. ती काढली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. एसी, पंखा, दिवे, रेडिओ बंद करावेत. क्लच पूर्ण दाबून दुसरा गिअर टाकावा, हॅन्डब्रेक सोडावा आणि गाडीने धावत्या पावलांचा वेग घेतला की क्लच एकदम सोडावा. इंजिनाने पकड घेताच क्लच पुन्हा दाबून ॲक्सिलरेटर हलकेच द्यावा. क्लच हळूहळू सोडण्याची नेहमीची सवय येथे नडते. त्यात गाडीचा वेगच मरतो.

धक्का देणाऱ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. क्लच सुटताच गाडी क्षणभर अडखळते आणि मागच्याचे तोंड डिकीवर आपटते. त्यामुळे क्लच सोडण्यापूर्वी चालकाने आवाज द्यावा. काचेवर किंवा दिव्यांवर जोर न देता पत्र्याच्या भक्कम भागावर हात टेकावेत. दोरीने दुसऱ्या गाडीमागे ओढून सुरू करणे त्याहून धोक्याचे. इंजिन अचानक जागे झाले की मागची गाडी पुढच्यावर आदळते.

त्याहून गंभीर बाब ब्रेकची. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे व्हॅक्यूमचे साह्य दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते. ब्रेक लागतो, पण पायाला कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. घाटातल्या किंवा पार्किंगच्या उतारावर ‘आपोआप सुरू होईल’ म्हणून गाडी सोडून देणाऱ्याला, ती सुरू झालीच नाही तर, खाली हीच अवस्था भोगावी लागते. पुढे मोकळा सपाट रस्ता नसेल तर हा प्रयोग करूच नये.

खरा गैरसमज वेगळाच आहे. धक्का हा सेल्फला पर्याय आहे, बॅटरीला नव्हे. जुन्या डिझेल जीपला एकदा गती मिळाली की विजेची फारशी गरज उरत नसे. आजच्या मोटारीत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ठिणगी आणि चोरीरोधक इमोबिलायझर सारेच विजेवर चालते. शिवाय वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरलाही सुरुवातीला बॅटरीतूनच थोडा प्रवाह लागतो. डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नसेल तर कितीही धक्के मारले तरी उपयोग नाही. उलट दिवे लख्ख असतील आणि सेल्फच फिरत नसेल, तर दोष बहुधा सेल्फमध्ये असतो आणि तेथे धक्का हमखास कामी येतो.

ऑटोमॅटिक गाड्यांना तो लागू नाही. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधाच असला तरी क्लच विजेवर चालतो. इतर प्रकारांत इंजिन बंद असताना चाकांची गती त्यापर्यंत पोहोचतच नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचीही तीच गत. किक नसलेल्या मोटारसायकलला धक्का देता येतो, पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले आहे. तेथेही थोडी वीज शिल्लक हवीच.

दोन-तीन प्रयत्नांत यश न आल्यास थांबावे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तेथे पेटून तो महागडा भाग निकामी करू शकते. शेजारच्या गाडीची बॅटरी आणि जम्पर केबल मिळाल्यास तो मार्ग केव्हाही बरा; फक्त शेवटची काळी वायर उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो.

गाडी सुरू झाली की लगेच बंद करू नये. नुसती उभी ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. अर्धा तास तरी चालवावी आणि पहिला थांबा बॅटरीच्या दुकानासमोर घ्यावा. तेथे भार देऊन केलेल्या चाचणीत बॅटरी नुसती उतरली आहे की संपली आहे, हे दोन मिनिटांत कळते.