विवाह, नागरिकत्व आणि परीक्षा

विवाहानें स्त्रीचें घर बदलतें, कुल बदलतें, गोत्र बदलतें. महाराष्ट्रांत तर पुष्कळ वेळां माहेरचें नांवहि उंबरठ्याबाहेर राहतें. परंतु विवाहानें तिचा देशहि बदलतो काय? वरवर पाहतां हा प्रश्न वकिलांच्या कामाचा वाटेल. तथापि गेल्या दोन शतकांत तो लाखों स्त्रियांच्या आयुष्यांत उभा राहिला. त्याच्या उत्तरावर कोणाचा मताधिकार, कोणाची मिळकत, तर कोणाचा स्वतःच्या जन्मभूमींतला हक्क अवलंबून राहिला.

आज विवाहानिमित्त अमेरिकेंत गेलेली परदेशची स्त्री त्या देशाची नागरिक होऊं इच्छिते, तेव्हां तिला एका सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून मुलाखत द्यावी लागते. त्या मुलाखतीची तयारी घरोघर कित्येक आठवडे चालते. ओट्याशेजारीं प्रश्नांचा कागद टेकवून ठेवलेला असतो. संध्याकाळीं पति प्रश्न विचारतो आणि पत्नी उत्तर देते. कधीं शाळेंतून आलेलें मूलच परीक्षक बनतें. देशाचा सर्वश्रेष्ठ कायदा कोणता, सेनेटचे सभासद किती, निशाणावर तेराच पट्टे कां? शिकल्यासवरल्या प्रौढ स्त्रीला ही शाळकरी उजळणी कंटाळवाणी, क्वचित् अपमानकारकहि वाटते. परंतु या उजळणीला एक इतिहास आहे. एक काळ असा होता कीं, विवाहित स्त्रीला हे प्रश्न कोणी विचारीतच नसे. आणि तो काळ तिला सुखाचा मुळींच नव्हता.

त्या काळचें तत्त्व थोडक्यांत असें होतें: पति आणि पत्नी ही कायद्याच्या दृष्टीनें एकच व्यक्ति, आणि ती व्यक्ति म्हणजे पति. फ्रान्समध्यें १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेनें ठरविलें कीं, फ्रेंच पुरुषाशीं विवाह करणारी परकी स्त्री फ्रेंच होते आणि परक्याशीं विवाह करणारी फ्रेंच स्त्री परकी होते. इंग्लंडनें या तत्त्वाचा पहिला भाग १८४४ सालीं आणि दुसरा १८७० सालीं कायद्यांत आणला. अमेरिकेनें १८५५ सालीं तोच मार्ग धरला. अमेरिकन नागरिकाशीं लग्न लागतांच परकी स्त्री आपोआप नागरिक ठरूं लागली. पति स्वतःच परका असून पुढें नागरिक झाला, तर त्याच्या पाठोपाठ त्याच क्षणीं तीहि नागरिक होई. अर्ज नको, साक्षीदार नकोत, शपथ नको, प्रश्न नकोत. तिची तशी इच्छा आहे कीं नाहीं, हेंहि कोणी विचारीत नसे.

अट एकच होती: ती स्त्री वंशानें पात्र असली पाहिजे. १७९० च्या कायद्यानें नागरिक होण्याचा मार्ग केवळ स्वतंत्र अशा गोऱ्या माणसांस खुला ठेवला होता. १८७० सालीं तो आफ्रिकन वंशाच्या लोकांसहि खुला झाला. आशियांतील लोक मात्र दाराबाहेर राहिले. ही अट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढें ती हिंदी माणसांच्या, आणि त्यांच्या अमेरिकन पत्नींच्याहि, वाटेंत आडवी आली.

न विचारतां दिलेली वस्तु न विचारतां परतहि घेतां येते. २ मार्च १९०७ रोजीं अमेरिकेनें कायदा केला कीं, परक्याशीं विवाह करणारी अमेरिकन स्त्री पतीचें राष्ट्रीयत्व घेते. म्हणजे तिनें आपलें गांव सोडलें नाहीं, समुद्र ओलांडला नाहीं, तरी ती परकी! कॅलिफोर्नियांत जन्मलेल्या एथेल मॅकेंझी या बाईंचा अनुभव असाच आहे. १९०९ सालीं त्यांनीं गॉर्डन मॅकेंझी या ब्रिटिश प्रजाजनाशीं विवाह केला आणि दोघांनीं कॅलिफोर्नियांतच संसार थाटला. १९११ सालीं त्या राज्यांतील स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९१३ च्या आरंभीं एथेलबाई सॅन फ्रान्सिस्कोमध्यें मतदार म्हणून नांव नोंदविण्यास गेल्या, तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें कीं, त्या आतां अमेरिकन राहिल्या नाहींत. त्या न्यायालयांत गेल्या. डिसेंबर १९१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. पतिपत्नीच्या एकत्वाचें तत्त्व पुरातन आहे, आणि परिणाम ठाऊक असतांना जिनें असा विवाह केला तिनें तो परिणामहि आपखुशीनें पत्करला, असा त्या निकालाचा आशय होता.

याच सुमारास पुरुषांची परीक्षा मात्र कडक होत चालली होती. १९०६ च्या कायद्यानें उमेदवाराला इंग्रजी बोलतां येणें आवश्यक केलें. अर्जासोबत दोन नागरिकांची साक्ष आणि पुढें खुल्या न्यायालयांत सुनावणी असा क्रम ठरला. न्यायाधीश राज्यघटनेविषयीं प्रश्न विचारीत. गिरण्यांतून आणि खाणींतून दिवसभर राबणारे परदेशी कामगार रात्रींच्या वर्गांत मुलांच्या बाकांवर बसून अध्यक्ष, काँग्रेस आणि न्यायालयें यांचे धडे गिरवीत. १९१८ सालीं सरकारनें अशा वर्गांसाठीं स्वतंत्र पाठ्यपुस्तकहि काढलें. बायकांना असें शिकण्याची कायद्यानें गरजच ठेवलेली नव्हती. पति उत्तीर्ण झाला म्हणजे चुलीजवळ बसलेली पत्नीहि उत्तीर्ण! परंतु तो अनुत्तीर्ण झाला, किंवा त्यानें आळसानें अर्जच केला नाहीं, तर पत्नी कितीहि शहाणी असली तरी तिला स्वतंत्रपणें अर्ज करण्याची सोय नव्हती.

१९२० सालीं एकोणिसाव्या घटनादुरुस्तीनें अमेरिकन स्त्रियांचा मताधिकार देशभर मान्य झाला, आणि या व्यवस्थेंतील विसंगति उघडी पडली. एका बाजूला इंग्रजीचें अक्षर न जाणणारी नवपरिणीत परकी स्त्री लग्नाच्या बळावर मतदार होत होती, तर दुसऱ्या बाजूला अमेरिकेंत जन्मलेली, तेथेंच शिकलेली स्त्री लग्नामुळेंच मत गमावीत होती. स्त्रीसंघटनांनीं हा विषय लावून धरला. ओहायोचे प्रतिनिधि जॉन केबल यांनीं मांडलेला कायदा २२ सप्टेंबर १९२२ रोजीं मंजूर झाला. त्यानें विवाहित स्त्रीचें नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वापासून वेगळें केलें. यापुढें अमेरिकनाची परकी पत्नी आपोआप नागरिक होणार नव्हती. तिनें स्वतः अर्ज करावयाचा, स्वतः शिकावयाचें, स्वतः उत्तरें द्यावयाचीं आणि स्वतःच्या तोंडानें शपथ घ्यावयाची. सवलत एवढीच कीं, इतरांना पांच वर्षांचें वास्तव्य लागे, तिला एका वर्षाचें पुरे झालें. रात्रींच्या वर्गांतील बाकावर आतां गृहिणीहि हक्कानें येऊन बसली.

या सुधारणेला दोन मोठीं छिद्रें होतीं. पहिलें असें कीं, इतर देशांचे कायदे जुनेच राहिले. अमेरिकनाशीं लग्न करणाऱ्या इंग्रज स्त्रीचें ब्रिटिश नागरिकत्व लग्नाच्या दिवशींच जाई आणि अमेरिकन नागरिकत्व तर वर्षभर मिळत नसे. मधल्या काळांत ती ना घरची ना घाटची. दुसरें छिद्र अधिक कठोर होतें. ज्याला वंशामुळें नागरिक होतां येत नाहीं अशा परक्याशीं जी अमेरिकन स्त्री विवाह करील, तिचें नागरिकत्व पूर्वीप्रमाणेंच जाणार होतें.

या दुसऱ्या छिद्रांत हिंदी कुटुंबें सांपडलीं. पंजाबांत जन्मलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. फेब्रुवारी १९२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ते सामान्य समजुतीप्रमाणें गोरे नव्हेत. म्हणून ते नागरिक होऊं शकत नाहींत. यानंतर पूर्वीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीं नागरिकत्वें रद्द करण्याचे खटले सुरू झाले. बंगालचे क्रांतिकारक व विद्वान् तारकनाथ दास १९१४ सालीं नागरिक झाले होते. १९२४ सालीं त्यांनीं मेरी कीटिंग मोर्स या अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला. दासांच्या नागरिकत्वावर घाला येतांच मेरीबाईंचें जन्मसिद्ध नागरिकत्वहि धोक्यांत आलें. आपली ही देशहीन स्थिति त्यांनीं १९२६ सालीं ‘नेशन’ साप्ताहिकांतून वाचकांपुढें मांडली.

थिंद यांची बाजू ज्यांनीं मांडली ते लॉस एंजल्सचे वकील सखाराम गणेश पंडित होत. अहमदाबादेंत जन्मलेल्या या गृहस्थांचें नांव मराठी कानांस परकें वाटणार नाहीं. त्यांचेंहि नागरिकत्व १९१४ चें, आणि पत्नी गोरी अमेरिकन. सरकारनें त्यांच्यावर खटला भरला, तेव्हां त्यांनीं आपला व्यवसाय, घर आणि पत्नीचें नागरिकत्व हीं सारीं एका निकालानें कशीं नष्ट होतील, हें दाखविलें. आणि एकदां लढवून, अपील न करतां मान्य केलेला निकाल सरकारला पुन्हां उकरतां येत नाहीं, असा मुद्दा मांडला. १९२६ सालीं हा मुद्दा वरिष्ठ न्यायालयानें मान्य केला आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. पुढें इतर हिंदी लोकांवरील खटलेहि सरकारनें सोडून दिले. एका संसाराचा बचाव अनेक संसारांना उपयोगीं पडला.

१९३१ सालीं अमेरिकन स्त्रीवरील वंशाची अट गेली. १९३४ च्या कायद्यानें नागरिकाच्या परक्या पत्नीला आणि परक्या पतीलाहि एकच नियम लावला व वास्तव्याची मुदत तीन वर्षें केली. दुसऱ्या महायुद्धानंतर डिसेंबर १९४५ च्या खास कायद्यानें सैनिकांच्या परदेशी वधूंचा प्रवेश सुलभ झाला, आणि १९४६ च्या फेब्रुवारींत ‘अर्जेंटिना’ जहाज साडेचारशेंच्या वर ब्रिटिश वधू घेऊन न्यूयॉर्कला लागलें. त्याच वर्षीं जुलैंत हिंदी लोकांनाहि नागरिक होण्याचा हक्क मिळाला. मात्र हिंदुस्थानांतून वर्षाला शंभरच माणसें घेण्याची मर्यादा होती. १९५२ च्या कायद्यानें नागरिकत्वावरील वंशाची अट सर्वांसाठींच काढून टाकली आणि इंग्रजी वाचणें, लिहिणें, बोलणें व देशाचा इतिहास आणि राज्यपद्धति यांचें ज्ञान असणें या कसोट्या कायम केल्या. १९६५ सालीं राष्ट्रनिहाय कोटा गेला, आणि मराठी घरांतल्या मुलीहि पतीच्या नोकरीच्या वा शिक्षणाच्या निमित्तानें तिकडे मोठ्या संख्येनें जाऊं लागल्या.

आजची परीक्षा न्यायालयांत होत नाहीं, कचेरींत होते. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठीं १२८ प्रश्नांची यादी आगाऊ छापून दिलेली आहे; त्यांतील २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतात आणि १२ उत्तरें बरोबर यावीं लागतात. त्यापूर्वीं, २००८ पासून, यादी १०० प्रश्नांची, विचारावयाचे १० आणि बरोबर यावयाचीं ६ असा नियम होता. इंग्रजीचें एक वाक्य वाचावयाचें आणि एक लिहावयाचें. प्रत्येकासाठीं तीन संधी असतात. उत्तरें पाठ असलीं तरी अधिकारी अर्जांतील मजकुरावरहि प्रश्न विचारतो, आणि तेथें पाठांतर कामास येत नाहीं.

नागरिकाच्या पत्नीच्या बाबतींत आणखी एक तपासणी असते. तीन वर्षांची सवलत हवी असेल, तर तीं तीन वर्षें पतिपत्नी एकत्र नांदत होतीं हें दाखवावें लागतें. म्हणून कराचे संयुक्त हिशेब, बँकेचें सामाईक खातें आणि घराचा भाडेपट्टा यांची फाईल तयार करावी लागते. घटस्फोट झाल्यास सामान्यतः पांच वर्षें थांबावें लागतें. १९८६ पासून तर नव्या लग्नावर मिळणारा वास्तव्याचा परवाना प्रथम दोनच वर्षांचा असतो, आणि पुढील अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. जेथें पति सज्जन आहे तेथें ही केवळ कागदपत्रांची दगदग; जेथें तो छळ करणारा आहे तेथें हीच सही पत्नीच्या गळ्यांतील फांस होते. तो सोडविण्यासाठीं १९९० च्या कायद्यानें छळ झालेल्या पत्नीला पतीच्या सहीवांचून स्वतः अर्ज करण्याचा मार्ग दिला. १९२२ सालीं वेगळें झालेलें तिचें नागरिकत्व पतीच्या हातांतून अजूनहि पुरतें सुटलेलें नाहीं, हें यावरून दिसतें.

मराठी स्त्रीच्या बाबतींत त्या दिवशीं आणखी एक गोष्ट घडते. भारताच्या १९५५ च्या कायद्याप्रमाणें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतांच भारतीय नागरिकत्व संपतें. शपथेसाठीं उजवा हात वर करतांना कित्येकींचा कंठ दाटतो तो याचमुळें. परंतु येथें ‘स्वेच्छेनें’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एथेल मॅकेंझी यांचा देश त्यांना न विचारतां काढून घेतला गेला. १९०७ च्या त्या कायद्याबद्दल अमेरिकन सेनेटनें २०१४ सालीं खेद व्यक्त केला, तेव्हां त्यांचा खटला निकालांत निघून जवळजवळ शंभर वर्षें झालीं होतीं. आज ओट्याशेजारीं कागद टेकवून सेनेटचे सभासद मोजणारी स्त्री आपला निर्णय आपणच करीत असते. प्रश्न सोपे असोत कीं कंटाळवाणे असोत, ते तिला विचारले जातात, तिच्या पतीला नव्हे. आणि उत्तर ‘नको’ असें देण्याचाहि तिला हक्क आहे.